बसल्या जागी

कळस, ता. इंदापूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरूपा,

तुला आणि कुशलरावांना आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस. आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुझ्या सासूबाई म्हणतील. पण माझ्या वडिलांसारखेच माझेही कान साठीत गेले, हे तुला ठाऊकच आहे. घरातला एकुलता फोन तुझ्या काकूच्या कमरेला असतो. ती तुझ्याशी पाऊण तास बोलते आणि फोन ठेवून मला हातानं खूण करते, सगळं बरं हाय. म्हणजे तुझं मला आणि माझं तुला जे काही कळतं ते तिच्या हातून. आज तिच्याविषयीच लिहायचं आहे म्हणून कागद घेतला. तिला सांगू नकोस.

गेला दीड महिना तिला चक्कर येते. सकाळी धार काढून उठली की डोळ्यांपुढं अंधारी येते आणि ती गव्हाणीला धरून उभी राहते. मागच्या गुरुवारी धरायला काही सापडलं नाही. बादली सांडली, कोपर सोललं. मी घरातच होतो. बादलीचा आवाज शेजारच्या सोनबाला ऐकू गेला, तो धावला. मला कळलं ते ती आत आल्यावर, दुधानं भिजलेला पदर बघून. गावातल्या डॉक्टरांनी खुर्चीत बसवून बीपी बघितलं, ठीक आहे म्हणाले, शक्तीच्या गोळ्या दिल्या. ती म्हणते, "उपासानं व्हतंय, बाकी काय न्हाय."

तू नर्सिंगच्या मुलींना हृदय कसं चालतं ते शिकवतेस. मी चौतीस वर्षं नीरा डाव्या कालव्यावर पाणी सोडलं. कुठलं दार किती उचललं की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या टोकाच्या, शेवटच्या चारीला किती पाणी पोचतं, हे मी डोळे मिटून सांगेन. माणसाच्या अंगातलं मला काही कळत नाही. हे तिला उठल्यावरच का व्हावं?

तुझी वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे, डॉक्टरांनी गाडीचा प्रवास बंद केलाय, म्हणून ये म्हणत नाही. पत्रानं सांग. पाचवा संपत आला ना?

तुझा,
तात्या

*

बारामती
२५ नोव्हेंबर २०२४

ती. तात्या,

नमस्कार. डाव्या कुशीवर पडून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं. उताणं झोपलं की पोटातल्या बाळाचा भार पाठीलगतच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परत जाणारं रक्त अडतं आणि मलाच गरगरतं. तेव्हा काकूला काय होत असेल, ते मला अगदी कळतंय.

तुम्ही विचारलंत, उठल्यावरच का. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली उतरतं आणि पायांत, पोटात थांबतं. तेवढं हृदयाकडे परत येत नाही, म्हणून पुढच्या ठोक्याला हृदयातून कमी निघतं आणि मेंदूकडचा दाब पडतो. मानेत, जबड्याखाली जिथे बोटाला नाडी लागते ना, तिथल्या रक्तवाहिनीच्या भिंतीत ताण ओळखणाऱ्या बारीक नसा असतात. ताण कमी झाला की त्या मेंदूच्या तळाशी कळवतात. तिथून लगेच हृदयाला निरोप जातो, भरभर चाल, आणि पायांतल्या, पोटातल्या वाहिन्यांना जातो, आवळून घ्या. दोन-चार ठोक्यांत सगळं जागेवर येतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. टेलला पाणी कमी पडलं की तुम्ही वर निरोप धाडायचात आणि मधल्या चाऱ्या बंद करायला लावायचात, तसंच काहीसं. वय वाढलं की हा निरोप उशिरा पोचतो.

काकूला सांगा, धार झाल्यावर एकदम उठायचं नाही. आधी बसल्या बसल्या पोटऱ्या आवळायच्या, मग धरून उठायचं. पाणी भरपूर प्यायचं. उपास बंद.

आता एक गोष्ट नीट विचारून कळवा. हे तिला कधी बसल्या जागी किंवा पडल्या पडल्या होतं का? उठल्यावर होत असेल तर निरोप उशिरा पोचतोय, एवढंच. पण बसल्या जागी होत असेल तर दोष खुद्द हृदयात असू शकतो, आणि मग थांबून चालत नाही. मला फक्त एवढ्याचंच उत्तर हवंय.

तुमची,
स्वरूपा

*

कळस
६ डिसेंबर २०२४

चि. स्वरूपा,

तुझं पत्र चारदा वाचलं आणि उशाखाली ठेवलंय. निरोपाचं बरोबर पटलं. मी तिच्यासमोर बसून, तिचं तोंड बघून विचारलं. बसल्या जागी कधीच होत नाही म्हणाली. वर मलाच विचारलं, हे कुणी शिकवलं तुमाला?

आता सावकाश उठते. गोठ्यात मी दोरी बांधून दिलीय, ती धरते. पंधरा दिवसांत एकदाच अंधारी आली.

तुझी आई, माझी वहिनी, तू चौथीत असताना गेली आणि तेव्हापासून तू काकूच्या हाताखाली वाढलीस, त्यामुळं बाळंतपण आपणच करायचं हे तिनं कधीचं ठरवून टाकलंय. डिंक, खारीक आणून ठेवलीय. फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी बारामतीला येते म्हणते. गाय सोनबाकडं. मी कुठं, ते अजून ठरलेलं नाही.

तात्या

*

बारामती
२९ डिसेंबर २०२४

ती. तात्या,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं तेव्हा बरं वाटलं होतं. तरीही माझं ऐका. इथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे काकूचं नाव तीन जानेवारीला घातलंय. सकाळी अकरा. कुशल गाडी घेऊन नऊला कळसला येईल. ईसीजी काढतील, आणि छातीला एक लहान यंत्र लावून चोवीस तास ठोके मोजतील. दुखत नाही. दोन महिने माझ्याकडे राबायला येणार आहे तर एकदा तपासून घेऊ, एवढंच कारण समजा.

तुम्ही मागे विचारलं होतंत म्हणून सांगते. हृदयाच्या वरच्या बाजूला एक छोटीशी जागा असते, तिथून प्रत्येक ठोक्याची ठिणगी निघते. मेंदू तिला फक्त भरभर किंवा हळू सांगतो, ठोका तिचा तिचाच असतो. ती ठिणगी मधल्या एकाच वाटेने खालच्या कप्प्यांत उतरते आणि तेच कप्पे अंगभर रक्त ढकलतात. कधी कधी ती वाट काही सेकंद बंद पडते. वर ठोका पडतो, खाली पोचत नाही. तेवढा वेळ मेंदूला रक्त नाही. मग माणूस बसलेला असो की झोपलेला, शुद्ध जाते. वाट उघडली की तो उठून बसतो आणि म्हणतो, मला काही झालं नाही.

याला उपाय आहे. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटं यंत्र बसवतात, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर उचलायचा नाही आणि जड उचलायचं नाही, एवढंच पथ्य. काकूला असंच काही असेल असं मी म्हणत नाही. पण तारीख चुकवू नका.

स्वरूपा

*

कळस
४ जानेवारी २०२५

चि. स्वरूपा,

काल कुशलरावांना येऊ नका म्हणून काकूनं फोन केला, त्याचा राग धरू नकोस. थंडीत एवढ्या लांब नको म्हणून आम्ही दोघं परवाच एसटीनं इंदापूरला जाऊन आलो. तिथं ईसीजीची पट्टी काढली. स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. चोवीस तासांचं यंत्र बाळंतपण झाल्यावर लावू, मार्चअखेर मी स्वतः तिला घेऊन येईन.

तू विश्रांती घे. जिना उतरू नकोस.

तात्या

*

बारामती
१५ जानेवारी २०२५

ती. तात्या,

काल संक्रांतीला काकूशी बोलले. तीही म्हणाली, पट्टी स्वच्छ आली. एकोणीस दिवसांनी काल पहिल्यांदा मला नीट झोप लागली. एकोणीस दिवस का, ते कधीतरी सांगेन.

पट्टीत एकदा स्वच्छ दिसलं तरी वाट नंतर बंद पडू शकते, म्हणून मार्चअखेरचा शब्द मी विसरणार नाही. पण आता घाबरत नाही. बाळाचे ठोके काल एकशे बेचाळीस होते. काकूला सांगितलं तर म्हणाली, एवढी कसली घाई झालीय त्याला.

तिळगूळ कुशलबरोबर पाठवते.

स्वरूपा

*

कळस
२ फेब्रुवारी २०२५

चि. स्वरूपा,

आशीर्वाद. तुझ्या काकूचा फोन हौदात पडला. दुरुस्तीला टाकलाय, वेळ लागेल म्हणतात. म्हणून तिच्याशी बोलणं होत नाही. काळजी करू नकोस.

दुपटी शिवून झाली आहेत. बारा आहेत. मोजून पिशवीत भरून ठेवली आहेत.

डाव्या कुशीवर झोपत जा. आता थोडेच दिवस राहिले.

तात्या

*

बारामती
१० फेब्रुवारी २०२५

ती. तात्या,

फोन दुरुस्त होत नसेल तर सोनबाच्या फोनवरून काकूला बोलायला सांगा. मी सोनबाला दोनदा लावला, तो हॅलो म्हणतो आणि ठेवतो. कुशलला विचारलं की तो खिडकीबाहेर बघतो. गेल्या महिन्यात तो अचानक दोन दिवस पुण्याला गेला, ऑफिसचं काम म्हणाला. परत आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते.

काकू माझ्यावर रागावलीय का? तिला दोन ओळी लिहायला सांगा. सातवी शिकलीय, येतं तिला. तिच्या हातच्या दोनच ओळी, तात्या. आणि तिची पट्टी पाठवून द्या, मला एकदा बघायचीय.

स्वरूपा

*

बारामती
१६ मार्च २०२५

तात्या,

पाच मार्चला मुलगी झाली. सीझर झालं. दोघी बऱ्या आहोत.

टेबलावर नेईपर्यंत मी दाराकडे बघत होते. सासूबाई म्हणाल्या, गाय व्यायला झालीय, म्हणून काकू अडकलीय. मी ते खरं मानलं, आणि एका गाईपायी काकू आली नाही म्हणून नऊ दिवस तिच्यावर मनातून चिडून होते. हे मला आता कसं पुसता येईल?

चौदा तारखेला कुशल पलंगाशी आला. आधी त्याने माझ्या हातातून मुलीला घेतलं आणि सासूबाईंकडे दिलं. तेवढ्यावरूनच मला कळलं की काहीतरी ऐकवायचंय. मग त्याने सांगितलं. २४ जानेवारी. म्हणजे तुम्ही मला बारा दुपटी लिहिलीत तेव्हा काकूला जाऊन नऊ दिवस झाले होते. तो पुण्याला नाही, कळसला गेला होता, काकूला खांदा द्यायला.

तुम्ही दोघांनी मिळून मला तिचं तोंड बघू दिलं नाहीत. माझ्यासाठी केलंत हे मला कळतं. तरी राग जात नाही, आणि तो तुमच्यापासून लपवायचा नाही असं ठरवलंय. लपवायचं आता पुरे झालं.

कारण मीही लपवलं. सव्वीस डिसेंबरला दुपारी काकूचा फोन आला होता. माझं पत्र तिने तुमच्या उशाखालून काढून वाचलं होतं. म्हणाली, "तू इचारलंस ना, बसल्या जागी व्हतंय का? तात्यास्नी मी न्हाय म्हनून सांगितलं. पन व्हतंय. काल बाजरी निवडताना झालं. जागी झाले तवा सूप पालथं आन् मी आडवी. तात्या आतच व्हते. त्यास्नी सांगू नको. आपल्याला ऐकू आलं न्हाय म्हनून जीव खात बसतील सोताचा."

मी कबूल झाले. तीन तारखेला तपासायला येणार असशील तर सांगत नाही, म्हणाले. म्हणून तुम्हाला ते गोलगोल पत्र लिहिलं. त्यात एक ओळ लिहायला हवी होती, काकू बसल्या जागी पडते. मी वर्गात साठ मुलींना सांगते की ही खूण कधीही अंगावर काढू नका. त्याच मी ती अंगावर काढली, कारण ती माझी काकू होती आणि तिने मला शपथ घातली होती.

तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही तिला उचलून नेलं असतं. तुम्हाला अंधारात ठेवलं ते मी.

ती शेवटचं काय बोलली, ते मला सांगा. खरं सांगा.

स्वरूपा

*

कळस
२४ मार्च २०२५

चि. स्वरूपा,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. उत्तराला कागद घेतो आणि ठेवून देतो. आज सगळं लिहितो. तुला रागवायचा हक्क आहे. तुला कळवू नका हे कुशलरावांना मीच हात जोडून सांगितलं होतं. ते तयार नव्हते. त्यांच्यावर राग धरू नकोस.

तुला वाटतं मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

एक जानेवारीला आम्ही समोरासमोर जेवायला बसलो होतो. तिचा घास हातात राहिला, डोळे वर गेले आणि ती भिंतीला कलंडली. मी ताट ओलांडून तिला धरलं. तोंड मातीसारखं झालं होतं. अर्ध्या मिनिटानं तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, तुमी का रडताय? त्याच दिवशी दुपारी तुझं तारखेचं पत्र आलं. मी म्हटलं, चल, परवा जायचं. ती तयार झाली. पातळसुद्धा काढून ठेवलं. रात्रीत तिनं ते पत्र पुन्हा वाचलं आणि सकाळी नाही म्हणाली. त्यातली हात न उचलण्याची ओळ तिनं बोटानं दाखवली. म्हणाली, यंत्र बसवलं तर हात वर न्हाय, जड उचलायचं न्हाय, मग पोरीला न्हाऊ कोन घालनार, बाळाला कोन घेनार? मार्चनंतर बसवू. आणि हे स्वरूपाला कळलं तर तिची वार खाली हाय, धक्क्यानं दोन जीव जातील. तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

इंदापूरला आम्ही गेलो नाही. पट्टी नाहीच, तुला पाठवू कुठून? त्या दिवशी आम्ही घरीच होतो. चार तारखेला ती हुलगे निवडत होती आणि मी तुला ते पत्र लिहीत होतो. काय लिहायचं ते तिनंच सांगितलं. मी तिचं तोंड बघत होतो आणि लिहीत होतो. चौतीस वर्षं सरकारी कागद लिहिले, खोटी नोंद कधी केली नाही. ही केली.

म्हणजे तू मला अंधारात ठेवलं नाहीस. तुझ्याइतकंच मला ठाऊक होतं, फक्त एकमेकांना ठाऊक आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं. तुझं माझं बोलणं तिच्याच हातून व्हायचं, आणि तिनं आपल्या दोघांना दोन बाजूंना बसवून ठेवलं. ती असं का वागली हे मी तिला विचारू शकत नाही. तू तिला दोष देऊ नकोस. स्वतःलाही देऊ नकोस, असं लिहिणार होतो, पण मलाच ते जमत नाही तर तुला कसं सांगू?

मला तिकडं बोलावतेस, असं कुशलराव सोनबाच्या फोनवर बोलले. पाडव्यानंतर येतो. पण एक आधी सांगून ठेवतो. मला मुलीजवळ एकटं बसवू नका. ती रडली तर मला ऐकू येणार नाही.

आता तू विचारलंस ते. ती शेवटचं काय बोलली, मला माहीत नाही. मी काय बोललो ते माहीत आहे.

चोवीस तारीख, शुक्रवार होता, अकरा वाजले असतील. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, जुनं लुगडं फाडून लंगोट करत होती. मी पायरीवर तिच्याकडं पाठ करून बसलो होतो, कडबाकुट्टीचं पातं घासत होतो. घासता घासता मी तिच्याशी बोलत होतो. तिचं उत्तर मला तोंड बघितल्याशिवाय कळत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर तिनं मला गप्प केलं असतं. म्हणून मुद्दाम पाठ करून बोलत होतो. म्हटलं, हे खोटं मला पेलत नाही. पोरीला उद्या खरं लिहितो. सोमवारी कुशलरावांना गाडी घेऊन बोलावतो आणि तुला बारामतीला नेतो. न्हाऊ घालायला बाई ठेवू, पण तू नाही म्हणायचं नाहीस. बराच वेळ बोललो. पात्याची एक बाजू झाली, उलटून दुसरी बाजू घेतली.

शेवटी विचारलं, "इंदिरा, येशील ना?"

मागून काही आलं नाही. मला मागून कधीच काही येत नाही. तिनं मान हलवली असेल असं मी धरलं, आणि बरं वाटून पुढं पातं घासत राहिलो.

तात्या